तुमच्याकडे झाड हाय का?

चालता चालता काका एकदम थांबायचे आणि मागून येणारी मी त्यांच्या पाठीवर आदळायचे. गंगापूर रोडला संध्याकाळची गर्दी, मागे रिक्षावाले शिव्या देतायत, आणि हे रस्त्याच्या कडेच्या एखाद्या झाडासमोर उभे. उजवा हात उलटा करायचे आणि हाताची मागची बाजू खोडावरच्या जुन्या खुणेला लावायचे. वायरमन लोकांना ती सवय लागते म्हणे. तळहात लावला आणि वस्तूत करंट असला तर बोटं आवळतात, सुटता सुटत नाहीत. उलटा हात असला तर तो आपोआप झटकला जातो. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली होती, तरी ते दाराच्या कडीला, चहाच्या कपाला, तापलेल्या माणसाच्या कपाळाला आधी उलटाच हात लावायचे. माझ्याही कपाळाला लावला होता, डेंग्यू झाला तेव्हा.

"हे माझं," ते खुणेवरून हात फिरवत म्हणायचे. चार पावलं पुढे गेलं की, "हे पण माझंच." मग पुढच्या झाडापाशी जरा वाकून बघायचे. "हे नाय. हे दुसऱ्या कोणाचं. पण माझ्यापेक्षा बरंय."

माझं म्हणजे त्यांनी केलेली जखम. वीज कंपनीत एकतीस वर्षं वायरमन होते. दर वर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, तारांना लागणाऱ्या फांद्या उडवायच्या असतात. तारांखालची झाडं तुम्ही पाहिली असतील. मधोमध भगदाड, त्यातून तारा गेलेल्या, आणि दोन्ही बाजूंना उरलेल्या फांद्या, कोणीतरी हात वर करून उभं केल्यासारख्या. तसली झाडं शहरभर त्यांच्या हाताखालून गेलेली. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडांना शाळेत सोडतात, विहारात जाऊन बसतात, निवडणुकीवर बोलतात. हे एकेका झाडाकडे जाऊन जखम किती भरली ते बघायचे. दोन बोटं राहिली, तीन बोटं राहिली, आत पोकळ झालंय, वाळवी लागलीय. रोज सकाळ-संध्याकाळ. घरात टिकायचेच नाहीत.

मी त्यांची भाडेकरू. सातपूरला त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती, तीत आठ वर्षं राहिले. गाव माझं नांदेडच्याही पुढे, किनवटकडे; तिथून नाशिक म्हणजे एक अख्खा दिवस आणि वर थोडा. शाळा सातवीत सुटली. दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला टोळीबरोबर आले, सहा हंगाम केले, मग टोळी परत गेली आणि मी मागे राहिले. सातपूरला एका कंपनीत पॅकिंगला लागले. कंत्राटी. काही महिने झाले की ब्रेक द्यायचे, म्हणजे घरी बसवायचे, आणि वाटलं तर परत बोलवायचे. ब्रेकच्या दिवसांत माझं अन्न गोड लागायचं नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, ताट झाकून ठेवायची आणि दारातूनच ओरडायची.

"जेवलीस का?"

"जेवायलेय, काकू."

"जेवायलेय म्हणजे जेवलीस का जेवणारेस? तुमच्या नांदेडच्या बोलीत माणूस उपाशी मरंल आन कळणार नाय."

त्यांच्या दारात एकही झाड नव्हतं. कुंडीसुद्धा नव्हती. सगळ्या गल्लीत प्रत्येकाच्या दारापुढे काही ना काही होतं आणि इथे नुसती फरशी. काकूला कोणी विचारलं की ती हसायची. "वायरमनच्या दारात झाड कसं वाढंल? भ्यायला होतं त्याला. कढीपत्ता लावला व्हता, तो पण शेजारणीच्या कुंपणाकडं सरकला." काका ऐकून घ्यायचे. एकदा मी एकटी असताना म्हणाले, "आपल्या हातून जगंल याची खात्री नाय, तर आणायचं कशाला?"

विहाराच्या आवारात पिंपळ होता. रविवारी वंदनेला सगळे आत बसायचे, हे दाराजवळ, तोंड अर्धं बाहेर. एकदा कमिटीचे दोघं घरी आले. एक फांदी पत्र्यावर टेकलीय, वायरमन, तुम्हीच काय ते करा, तुमचा हात बसलाय. काकांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि सांगितलं, "मी आता कापत नाय. पाहतो फक्त." ते दोघं गेल्यावर तासभर घरात येरझाऱ्या घातल्या. मग जाऊन पत्राच कापून आले. फांदीला वाट करून दिली. कमिटी महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हती.

त्यांचा एक शब्द होता, परमिट. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनकडून परमिट घ्यायचं असतं, लाईन बंद केल्याचं. परमिट न घेता चढलेले दोघं त्यांनी स्वतः खाली उतरवले होते. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक गोष्टीला परमिट. काकू बाजाराला निघाली की, "परमिट?" गल्लीतल्या कोणी पळून जाऊन लग्न केलं की, "परमिट नव्हतं घेतलं." आणि मी एक दिवस धापा टाकत घरी येऊन सांगितलं की मला पॅकिंग सोडायचंय, झाडांचं काम शिकायचंय, तेव्हाही त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "परमिट कोणाचं?"

झालं होतं असं की कंपनीतून येताना मी एका बंगल्यासमोर माणूस झाडावर लटकलेला पाहिला. दोरावर. डोक्याला केशरी हेल्मेट, कमरेला पट्टा, पाय खोडाला लावून आरामात बसल्यासारखा, आणि एक एक फांदी दोराला बांधून अलगद खाली सोडत होता. खालची गुलाबाची कुंडीसुद्धा हलली नाही. मी लहानपणी चारोळीच्या झाडावर चढायचे, सगळ्यांत वरच्या डहाळीपर्यंत, आईच्या शिव्या खात. ते अंगात परत आलं. तो खाली उतरला तेव्हा मी विचारलं, दादा, हे कुठं शिकता? तो म्हणाला, "ट्री सर्जरी. कोर्स असतात, ताई." आणि गाडीत बसून गेला. कुठला कोर्स, कुठे, किती दिवसांचा, मला काही विचारता आलं नाही. रस्ताभर स्वतःला कोसत आले.

मला तेव्हा तिसावं चालू होतं. ब्रेक मे अखेरीला लागणार होता आणि या वेळी परत बोलवतील असं सुपरवायझर म्हणत नव्हता. भाऊ फोनवर सांगायचा, गावाकडं ये, कापूस आहे, घर आहे. म्हणजे मेपर्यंत काहीतरी ठरवायचं होतं. ठरलं नसतं तर किनवटची गाडी.

काकांनी माझा तो प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतला. मी मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून घरात जाहिराती गोळा व्हायला लागल्या. पेपरातली कात्रणं, झेरॉक्सच्या दुकानाबाहेरची पत्रकं, कोणाकोणाच्या मोबाईलमधून उतरवून आणलेले नंबर. मला समोर बसवायचे आणि स्पीकरवर फोन लावायचे. समोरचा फी, बॅच, प्लेसमेंट असं सगळं बोलून दमला की हे एकच विचारायचे.

"तुमच्याकडे झाड हाय का?"

पहिला फोन एका तीन दिवसांच्या कोर्सवाल्याला होता. हॉटेलच्या हॉलमध्ये वर्ग, शेवटी सोनेरी कडेचं सर्टिफिकेट.

"सर, आमच्याकडे एसी हॉल आहे, स्टडी मटेरियल आहे, लंच आहे."

"झाड?"

"सर, प्रोजेक्टरवर सगळी झाडं आहेत. वड, पिंपळ, फॉरेनची पण आहेत."

"त्याच्यावर चढता येतं का?"

"सर, हा थिअरी बेस्ड प्रोग्राम आहे."

काकांनी फोन ठेवला आणि कात्रणाची पुडी करून तीत शेंगदाणे भरले.

दुसरा फोन दोरावर चढायला शिकवणाऱ्यांना. पोरगा उत्साही होता. काका, आमच्याकडे दोर आहेत, हार्नेस आहे, चाळीस फुटांची भिंत आहे! काका म्हणाले, "भिंतीला फांद्या फुटतात का?" पोरगा हसला, म्हणाला, नाही, पण पडणार नाही याची गॅरंटी. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "हे पोरगं खरं बोलतं. याचा नंबर ठेव." तो ठेवला.

तिसरा सरकारी माळी कामाचा. झाडं होती, नर्सरी होती, वर्षभराचं शिक्षण होतं. पण दहावी पास हवी. चौथा पुण्याकडचा, खरा झाडांच्या डॉक्टरकीचा, सहा महिन्यांचा. तिथल्या बाईंनी काकांच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. "आहेत ना. बावन्न झाडं आहेत. तुम्हाला कुठली हवीत?" काका खुर्चीत नीट बसले. बाईंनी पुढे सांगितलं, वजन बघतो, डोळे बघतो, चक्कर येते का बघतो. आणि विमा काढावा लागतो, त्यासाठी दहावी.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "म्हणजे झालंच."

"काय झालंच?"

"जिथं झाड आहे तिथं मी बसत नाही. आणि मी बसते तिथं झाड नाही."

काकूने भाजी चिरता चिरता वर पाहिलं. "मोबाईलवर शीक ना. आजकाल बाया केक मोबाईलवर शिकतात."

मोबाईलवर मी शिकत होतेच. गोरी माणसं मशीनच्या करवतीने फांद्या उतरवायची, मी ब्रेकमध्ये, जेवताना, बसस्टॉपवर बघत बसायचे. काकांना एकदा दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि मोबाईल पालथा ठेवला. "यात पाच मिनिटांत फांदी पडती. पाच वर्षांनी त्या झाडाचं काय झालं, ते दाखव."

आता मी जे केलं ते लिहिते. लिहायला हात धजत नाही, पण लिहिलं नाही तर त्यांच्याबद्दल लिहिलेलं खोटं होईल.

मी तो हॉटेलातला तीन दिवसांचा कोर्स केला. काकांना न सांगता. पॅकिंगला आजारी म्हणून कळवलं. जेवण चांगलं होतं. सोनेरी कडेच्या कागदावर माझं नाव इंग्रजीत छापून आलं आणि मी ते बसमध्ये तीनदा काढून पाहिलं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. शाळेने मला असा कागद कधी दिला नव्हता. त्या कागदावर एका झाडतोड कंत्राटदाराने मला लगेच काम दिलं. त्याला सर्टिफिकेटवाला माणूस दाखवायचा होता, सोसायटीवाले मागतात म्हणे. "मॅडम, तुम्ही फक्त चढा. परवानगी-बिरवानगी माझी." मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हणालं.

झाड शिरीषाचं होतं, इंदिरानगरकडच्या एका सोसायटीत. मोठं, छत्रीसारखं. एक फांदी पार्किंगवर आली होती, तिचा चिकटा गाड्यांवर पडतो म्हणून तक्रार. मी चढले. चढण्यात मला कोणी शिकवायची गरज नव्हती. दोर बांधला, हातकरवत घेतली आणि वरून कापायला लागले.

द्राक्षाच्या काडीला एक कात्री मारायची असते. कट्, पुढची. कट्, पुढची. सहा हंगाम हाताने तेच केलं होतं. काडी इतकी हलकी की तिला वजन आहे हे हाताला ठाऊकच नसतं. इथे करवत निम्म्यात गेली असेल नसेल, फांदी स्वतःच्या वजनाने मोडली आणि खाली जाता जाता खोडाची साल सोलत गेली. माणसाच्या उंचीएवढी. आवाज असा आला की खालच्या वॉचमनने कान झाकले. आत पांढरं, ओलं लाकूड. मी तिथेच फांदीला मिठी मारून बसले.

आणि मग त्याहून वाईट केलं. द्राक्षाच्या छाटणीनंतर कापाला मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावतात, निळसर. दिंडोरीच्या सवयीने मी डबा बरोबर नेला होता. सोललेल्या सगळ्या भागाला मी ती जाड थापली. औषध म्हणून थापत होते की झाकायला, ते आज मला सांगता येणार नाही. खाली कंत्राटदार खूश. "वा मॅडम, फिनिशिंग भारी! उभ्या राहा, फोटो काढतो." सोसायटीच्या चेअरमननेही विचारलं, बाकीच्या झाडांनाही असा पट्टा मारून मिळेल का, छान दिसतं.

चार दिवसांनी काका संध्याकाळच्या फेरीवरून आले. चपला दारात काढल्या, पाणी प्यायले. मी काकूबरोबर मेथी निवडत होते.

"इंदिरानगरला एक शिरीष हाय," ते म्हणाले. "रस्त्यावरून दिसतो. निळा."

माझ्या हातातली मेथी तिथेच राहिली.

"निळं दिंडोरीचं असतं," ते म्हणाले. "शहरातला माणूस निळं लावत नाय."

"मी लावलं," मी म्हणाले.

काकूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि उठून गॅस बंद केला. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. डोक्यात किनवटच्या गाडीची वेळ येऊन गेली. काका एवढंच म्हणाले, "सकाळी लवकर ऊठ."

सकाळी आम्ही गेलो. उन्हाने पेस्ट वाळून तिला तडे गेले होते आणि तड्यांतून पाणी झिरपत होतं. काकांनी उलटा हात लावला. बराच वेळ ठेवला. वॉचमन आला, म्हणाला, बाबा, काय बघताय? "पेशंट बघतोय," काका म्हणाले. मी मागे उभी. शिव्यांची वाट पाहत होते. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर मोकळी झाले असते.

शिव्या आल्या नाहीत. ते झाडाभोवती फिरायला लागले. एक चक्कर, दुसरी चक्कर. माझ्याने राहवेना.

"काका, कसं कापायला पाहिजे होतं?"

ते थांबले. हात वर करून हवेत करवत धरल्यासारखा केला, वरून, मग बाजूने, मग खाली घेतला. परत एक चक्कर मारली. आणि मग म्हणाले,

"मला माहीत नाय."

सात वर्षं मी या माणसाच्या मागे मागे झाडं बघत फिरले होते.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत एकानं सांगितलं नाय. कोयता दिला आन म्हणले, तारेपासून हात लांब ठेव. झाडाचं कोणी काय बोललंच नाय. मी असंच सोललंय, पोरी. याच्यापेक्षा मोठं. मला चुकलेलं वळखू येतं, लांबून वळखू येतं. पण बरोबर कसं असतं, ते मी कधी पाहिलेलंच नाय. मी तुला काय शिकवू?"

वॉचमन मागे सरकला.

मग ते एकदम वळले आणि भराभर चालायला लागले. मी मागून धावत. "त्या पुण्याच्या बाईकडं बावन्न झाडं हायेत," ते न थांबता म्हणाले. "तिथं जायचं. दहावी काढायची."

"काका, मला तिसावं लागलंय."

"झाडाला विचार, त्याला कितवं लागलंय."

त्या दिवशी मी कंत्राटदाराला फोन करून सांगितलं, मला काम येत नाही, मी येणार नाही. तो म्हणाला, मॅडम, येतं कोणाला? सर्टिफिकेट आहे ना तुमच्याकडे. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच भीती वाटली. पुढे आठ झाडांचं काम लागलेलं होतं आणि ते मी सोडलं. मे संपला, ब्रेक लागला. गावाकडून फोन येत राहिले. मी एका खानावळीत पोळ्या लाटायला लागले आणि सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळा सुटलेली माणसं त्या फॉर्मवर बाहेरून दहावीला बसतात.

फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. भावाने गावच्या शाळेतून तो काढून पाठवला. शाळा सोडण्याचे कारण, या रकान्यात लिहिलं होतं, सतत गैरहजर. मला ते वाचून कसंतरी झालं. मी गैरहजर कुठे होते, कापसात होते. काकांनी दाखला हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि काकूला हाक मारली. "अगं ऐक. सतत गैरहजर म्हणे! सात वर्षं झाली, इथून हलत नाय ही." काकू इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मलाही हसू आलं.

ते वर्ष कसं गेलं मला नीट आठवत नाही. सकाळी पोळ्या, दुपारी पुस्तक, संध्याकाळी पोळ्या. गणित डोक्यात शिरायचं नाही. इंग्रजीचं नाव काढू नका. रोज वाटायचं, मी या लोकांची फसवणूक करतेय, माझ्याने व्हायचं नाही. काका फेरीवरून आले की माझ्या दारात उभे राहायचे, आत यायचे नाहीत, नुसते एका पायावरून दुसऱ्या पायावर. "कुठवर आलं?" एकदाच ते आत येऊन बसले, विज्ञानातल्या विजेच्या धड्याला. बल्ब, वायर, जुना मीटर सगळं घेऊन आले आणि तीन दिवस मला सोडलं नाही. पुस्तकात जे एका ओळीत होतं ते त्यांनी मला हाताने करायला लावलं. दोनदा घरातला फ्यूज उडाला. काकू म्हणाली, "पोरगी पास व्हायच्या आधी घर नापास होईल." त्या धड्यात त्यांचं काही चुकायचं नाही. त्यांना तेवढंच शिकवलेलं होतं आणि ते त्यांनी पुरेपूर शिकून घेतलं होतं. खांबावरून उतरवलेले ते दोघं कसे गेले होते, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. धडा म्हणून सांगितलं. सांगताना बल्ब हातात धरून ठेवला होता.

मी पास झाले. गणितात काठावर. गल्लीत पेढे काकूनेच वाटले.

पुण्याच्या बाईंना काकांनी परत फोन लावला. या वेळी झाडांचं विचारलं नाही. म्हणाले, "मॅडम, आमची पोरगी येतीय. तिला द्राक्षाचा हात हाय, तो आधी मोडा."

बाईंनी तो मोडला. इथे येऊन मला सहा महिने होत आले. पहिल्याच आठवड्यात कळलं, फांदीला आधी खालून थोडा काप द्यायचा असतो, मग त्याच्या थोडं पुढे वरून, म्हणजे साल सोलत नाही. मग उरलेला खुंट वेगळा कापायचा, खोडाजवळ जो जाडसर फुगवटा असतो तो न दुखवता. आणि वर काही थापायचं नाही. झाड स्वतःच भरून काढतं. एवढंच होतं. पाच मिनिटांत सांगून झालं. मी वर्गातून उठून बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. एकतीस वर्षं आणि पाच मिनिटं.

उद्या सकाळी माझी परीक्षा आहे. प्रत्येकाला चिठ्ठीने एक झाड नेमून दिलंय. बाहेरचा परीक्षक येणार, खाली उभा राहून बघणार. पास झाले तर कामाचा परवाना, आणि नाशकातल्या एका बाईंनी त्यांच्या बागेच्या कामाला ठेवून घ्यायचं कबूल केलंय. नाही झाले तर काय, ते मी ठरवलेलं नाही. सकाळपासून दोर मोजतेय, गाठी सोडतेय, बांधतेय. जेवण गेलं नाही. दुपारी राहवलं नाही म्हणून काकांना फोन लावला.

"कोणतं झाड?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"करंज."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"करंजाचं माझं काम लय वाईट," ते म्हणाले. "एक बी सांगण्यासारखं नाय. मला काय विचारू नको."

"विचारत नाही, काका. सहज केला फोन."

"मग ऐक. कापून झालं की मला सांगशील, कसं कापलं ते. पहिल्यापासून. करवत कुठं ठेवली, किती आत घेतली, फांदी कशी आली. हळू सांगायचं. मी लिहून घेतो."

"सांगेन की."

"सावकाश सांग. मला आता पटकन कळत नाय."

आणि मग फोन कानापासून लांब गेला असावा, कारण घरातला आवाज ऐकू आला. कप्पे उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा. "अगं, पेन कुठं ठेवलंय?" ते ओरडत होते. काकू म्हणत होती, अहो, परीक्षा उद्या हाय ना तिची, आत्ता कशाला पेन? "असू दे उद्या," ते म्हणत होते, "सापडायला नको का? वही पण बघ. कोरी बघ."